डोळ्यांनी शिकणारी

"पण बुवा, मी डोळ्यांनी शिकणारी, तर कानांनी ऐकून पास कशी होणार?"

मृण्मयी घोडके मठाच्या ओसरीवर धापा टाकत विचारत होती. लहानपणापासून इथल्या भजनाला येणारी पोर, आता विद्यापीठात संख्याशास्त्राला. दोनदा नापास. सोमवारी पुन्हा पेपर, आणि याही खेपेला नापास झाली की नाव कटणार. तरी चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"चाचणी घेतली आमची. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. मी निव्वळ बघून. आणि सर नुसते बोलतात! कारण सापडलं, बुवा. आता पेपरला बसतच नाही. आशीर्वाद द्या, मी सुटले."

हरबाबुवा पखवाज पुढ्यात घेऊन बसलेले. आम्ही टाळकरी केव्हाचे खोळंबलेलो, आणि हिचं चाचणीपुराण काही संपेना.

बुवांनी भिजवलेल्या कणकेचा गोळा तिच्या हातावर ठेवला. "पखवाजाच्या डाव्या तोंडाला लाव. घुमला पाहिजे."

"मला कुठं येतं?"

"इतकी वर्षं बघतेस की."

तिने बुवा लावतात तशीच गोल पुरी थापली. थाप मारली. बद्द आवाज आला.

"दिसतंय तर बरोबर..." ती पुटपुटली.

बुवांनी पाण्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

तिने थोडी कणीक काढली. थाप. पुन्हा लावली, पाण्याचं बोट फिरवलं. थाप. कान जवळ नेला. ओढणी कणकेत लोळली, केस तोंडावर आले, पोरीला पत्ता नाही. आमच्यातला धोंडू उठला, "बुवा, भजन..." बुवांनी हातानेच त्याला बसवलं. खरं सांगतो, आम्हीही माना पुढे काढून बसलो होतो.

आणि एकदम पखवाज घुमला. ओसरी दणाणली. माझ्या अंगावर काटा आला. मृण्मयी ताडकन उभी राहिली, नाचायची तेवढी बाकी होती.

"लागला बुवा, लागला!"

"डोळ्यांनी लावलास की कानांनी?"

ती कणकेचे हात तसेच धरून उभी...

"ते... ध्यानातच नाही राहिलं."

बुवांनी पखवाज जवळ ओढला.

"सोमवारी पेपरला बस. आणि तेव्हाही ध्यानात ठेवू नकोस."