झोळीचा नियम

सागवानाच्या एका जंगलात एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन राहत असे. पाडस तिचे पहिलेच, त्यामुळे तिचा जीव सारखा टांगणीला लागलेला. ते नुसते शिंकले तरी हिच्या काळजात धस्स होई. रोज उजाडले की ती त्याला समोर उभे करून नाकापासून शेपटीपर्यंत चाटून काढी आणि शेवटी एकेक खूर वर उचलायला लावी.

"आई, पुरे की. बाकीची पोरं हसतात," पाडस कुरकुरत असे.

"हसू देत. दात दिलेत देवानं," ती म्हणे आणि पुढचा खूर घेई.

एके सकाळी डाव्या खुराच्या फटीत तिच्या जिभेला काहीतरी लागले. बाजरीच्या दाण्याएवढी पुळी होती. दुखत मुळीच नव्हती. पाडस तर उड्या मारत होते. पण हरिणीच्या तोंडचे पाणी पळाले. गेल्याच महिन्यात पाणवठ्याजवळचे सांबर खूर सडून मेले होते. त्यालाही आधी अशीच बारीक पुळी आली होती. पाणी पिताना त्यानेच ती हरिणीला दाखवली होती.

आता मुलांनो, त्या जंगलात वैद्यच नव्हता असे नाही. डोंगरावरच्या गुहेत एक म्हातारे अस्वल औषध देत असे. त्याच्याजवळ रानमधाचा आणि मुळ्यांचा मोठा साठा होता. तो साठा साऱ्या जंगलाचा. प्रत्येक जनावर त्यात आपापला वाटा आणून टाकी. पण मध फार जपून वापरावा, म्हणून सिंहराजाने एक नियम केला होता. जो झोळीतून येईल त्यालाच औषध. जो आपल्या पायांनी चालत येईल तो बराच आहे असे समजावे आणि परत पाठवावे. वेलींची झोळी वाहायला माकडे नेमली आणि गुहेच्या तोंडाशी कोल्हा बसवला. या नियमाची जंगलाला इतकी सवय झाली की कुणाचे दुखणे कानावर आले, तर शेजारी पहिले हेच विचारत, "झोळीपर्यंत आलंय का?" नाही म्हटले की म्हणत, "मग बरं आहे," आणि चरायला निघून जात.

हरिणी पाडसाला घेऊन डोंगर चढून गेली. कोल्ह्याने दोघांना खालपासून वरपर्यंत पाहिले.

"कोण आजारी आहे?"

"हे माझं लेकरू. खुरात पुळी आहे."

"चालत आलं ना?"

"हो, चालत आलं."

"मग आजारी कसलं? बाई, तुमची पहिलटकरणींची ही तऱ्हाच असते. पोराला जांभई आली की वैद्य हवा."

"एक बोट मध लावला तर आज बसेल हो."

"आज तुला एक बोट, उद्या सशाला एक बोट. मग खरोखरीचं आजारी कुणी आलं तर त्याला काय गुहेतली माती देऊ? घरी जा. झोळीपर्यंत आलं की आण."

हरिणी खाली मान घालून उताराला लागली. वाटेत झोळीवाली माकडीण फांदीवर बसली होती. तिने सगळे ऐकले होते. बाई मनाने चांगली. ती हळूच म्हणाली, "अगं, एवढं तोंड पाडू नकोस. पोराला घाल झोळीत. थोडं कण्हायला सांग, आम्ही उचलून नेतो. सगळे असंच करतात."

पाडस लगेच तयार झाले. "आई, मला छान कण्हता येतं. दाखवू?"

हरिणीने पाडसाकडे पाहिले. घटकाभर तिलाही मोह झाला. मग ती म्हणाली, "नको ताई. आज हे खोटं लंगडेल, उद्या दुसरीचं पोर खोटं लंगडेल, आणि नियम आहे तिथंच राहील. माझं पोर चालतंय. चालतंय तोवरच मला त्याला दाखवायचंय."

आणि ती माघारी फिरली. पाडसाला घेऊन ती पुन्हा गुहेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"पुन्हा आलीस?" कोल्हा म्हणाला.

"आले. आणि वैद्यबुवांनी पाहिल्याशिवाय हलणार नाही."

"नियम ठाऊक आहे ना?"

"चांगला ठाऊक आहे. सांबराला किती मध लागला, सांगता?"

कोल्हा चाचरला. "तीन पोळी. अख्खी."

"आणि सांबर वाचलं?"

आतून अस्वलाचा जड आवाज आला. "नाही वाचलं, पोरी. झोळीतून आणलं तेव्हा खूर हाडापर्यंत सडला होता. पुळी होती तेव्हाच मला दाखवलं असतं तर एका बोटात काम झालं असतं. पण ते आलंच नाही."

"आलं होतं, बुवा," हरिणी म्हणाली. "माझ्यासमोर पाणी पिऊन इकडेच आलं होतं. यांनी परत पाठवलं. चालत आलं होतं ना."

कोल्हा आपली शेपटी चाटू लागला. अस्वल गुहेतून बाहेर आले. त्याने कोल्ह्याकडे पाहिले, एकदा कोपऱ्यातल्या रिकाम्या झोळीकडे पाहिले आणि पाडसापुढे बसकण मारली. "आण रे तो खूर," म्हणत त्याने पुळीवर मुळी घासली आणि वरून बोटभर मध लावला. उरलेला मध पाडसाने चाटून टाकला.

"हे मी महाराजांच्या कानावर घालणार," कोल्हा म्हणाला.

"जरूर घाला," हरिणी म्हणाली. "सांबराचंही सांगा. आणि उद्या दुसरा लेप लावायला मी याला चालवतच आणणार आहे, तेही सांगा."

चौथ्या दिवशी पुळी सुकून गळून पडली. सिंहराजाकडून निरोप आला की या बाबीवर विचार चालू आहे. तोवर ही गोष्ट माकडिणीने फांदीफांदीवर पोहोचवली होती. पाचव्या दिवशी सकाळी गुहेपुढे ससे, रानडुकरे आणि भेकरे आपापली पिल्ले घेऊन उभी होती. सगळी आपल्या पायांनी आली होती.

कोल्हा वाट अडवून म्हणाला, "महाराजांचा निर्णय अजून झालेला नाही."

पुढे उभी असलेली सशीण म्हणाली, "होऊ द्या सावकाश. तोवर तुम्ही जरा बाजूला सरा."

तात्पर्य : दुखणे दाण्याएवढे असते तेव्हाच त्याला दार उघडावे, ते सगळ्यांनाच स्वस्त पडते, आणि दार उघडत नसेल, तर आईने दारातून हलू नये.