गोदूआजीच्या दोन बादल्या

एका गावात एक गोदूआजी राहायची. बाळांच्या शीमधलं तिला फार कळायचं. आळीतल्या बाया भरलेलं दुपटं घेऊन थेट तिच्या ओट्यावर यायच्या. आजी ते उजेडात धरून निरखायची. "चिकट आहे गं, आव पडतेय. दवाखान्यात ने, घरी बसू नकोस." शेजारी कुणी चहा पीत असलं तरी तिला त्याचं काही नव्हतं. म्हणायची, "पोटातलं खरं खालूनच कळतं. त्यात लाजायचं काय?"

तिची नात ठकी तीन वर्षांची. शी झाली की हाक मारायची, "आजी, बघायला ये." आजीने बघितल्याशिवाय कुणी पाणी टाकायचं नाही, असा घरचा नियमच होता.

मग एकदा आजीला स्वतःलाच शौचातून रक्त पडलं. ती कुणाला बोलली नाही. मूळव्याध असेल म्हणून बोटात मूळव्याधीची अंगठी घातली, आणि कुणी विचारलं तर सांगायची, गुडघ्यासाठी आहे. संडासात दोन बादल्या पाणी जास्तीचं ओतायला लागली. हळूहळू जेवण कमी झालं, दंडावरची चोळी सैल झाली.

सून वनिताला धुणं धुताना लुगड्यावर डाग दिसले. पण सासूला असलं विचारायचं कसं? तिने डाग घासून काढले आणि लुगडं दोरीवर आतल्या बाजूला वाळत घातलं. एकाच घरात दोघी एकच गोष्ट लपवत होत्या. एक पाण्याने, एक साबणाने.

एका सकाळी आजी संडासात गेली आणि ठकी दाराशी जाऊन बसली. बादली वाजली तशी म्हणाली, "आजी, पाणी टाकू नको. मला बघू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं? जा, खेळ जा."

"तू माझी बघतेस ना? मग?"

धुण्यावर बसलेल्या वनिताचा हात थांबला. ती दाराशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, पाणी राहू द्या. लुगड्यावरचं मी कधीचं पाहिलंय."

आत बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

आजी पदराचं टोक चुरगळत म्हणाली, "दिवाळीपासून. मागच्या."

"आणि तुम्हाला कधी कळलं?" बाईंनी सुनेला विचारलं. वनिता हळूच म्हणाली, "डाग मीच धुत होते."

दुर्बिणीने तपासलं तर आतड्यात कॅन्सरची गाठ. बाई म्हणाल्या, "पुष्कळदा आधी आतड्यात नुसता मांसाचा छोटा कोंब असतो. तेव्हा सापडला तर दुर्बिणीतूनच काढता येतो. आता पोट उघडावं लागेल. पन्नाशीकडे आलं की काही त्रास नसला तरी शौच तपासून घ्यायचं असतं. आणि तुमच्या मुलाला त्याच्याही आधी पाठवा, आईला झालंय म्हणून."

ऑपरेशन झालं, आजी वाचली. पण शौचासाठी पोटावर पिशवी आली, आणि ती रिकामी करायला वनिताच लागायची. पहिले काही दिवस दोघी एकमेकींकडे बघत नसत.

पुढे आजी ओट्यावर बसायला लागली. शेजारची कुंदा बाळाचं दुपटं घेऊन आली. आजीने उजेडात धरून पाहिलं. "चांगली आहे." मग दुपटं परत देताना हळूच विचारलं, "बाळाचं झालं. तुझ्या सासूचं कोण बघतं गं?"

कुंदा दुपट्याची घडी घालत म्हणाली, "आजच विचारते."

तात्पर्य: पाणी ओतल्याने रक्त दिसेनासं होतं, आजार जात नाही. रक्त पडलं तर सांगावं, पन्नाशीकडे आल्यावर न पडताही तपासून घ्यावं, आणि घरच्यांनी विचारायची लाज धरू नये.