चौदा माणसं, चार दिवस

एका गावात एक भोळा शिपाई होता. गाव माणदेशातलं, शिपाई हायस्कुलातला, नाव महिपती. तसे भोळे गावोगाव असतात, पण आपापल्या गावापुरते असतात. महिपती पुढे इंग्लंडातही भोळा ठरला, म्हणून त्याची गोष्ट सांगायची.

झालं असं, की महिपतीची भाची केतकी इंग्लंडात नर्स होती आणि तिला तिथल्याच टॉम नावाच्या मुलाशी लग्न करायचं होतं. टॉम ऑल्डरबरीचा. हे जुनं बाजाराचं गाव. मध्ये चौक, चौकात दगडी खांबांवर उभी असलेली बाजाराची इमारत, भोवती चारशे वर्षांची वाकडी घरं. साखरपुडा तिथंच करायचा आणि माणदेशातून चौदा माणसं जायची, असं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे ठरलं नव्हतं. केतकीच्या आईनं, म्हणजे महिपतीच्या थोरल्या बहिणीनं, अजून हो म्हटलं नव्हतं.

"आधी महिपत जाईल," अक्का म्हणाली. "मुलीचा मामा हाय. घरची माणसं बघंल आन् आमच्या उतरायची जागा बी बघंल. फोटोत काय, सगळंच गोरंगोमटं दिसतं."

"आई, त्यांचं घर मोठं आहे," केतकी फोनवर म्हणाली. "आमच्याकडेच उतरा म्हणतात."

"मुलीच्या सासरी मी पाण्याचा थेंब घेणार न्हाई. नातवंड होईस्तवर न्हाई. दुसरी जागा मिळाली तर येते, न्हाईतर बसा तसंच."

महिपती निघाला. इंग्रजीची अडचण नव्हती. तीस वर्षं इंग्रजीच्या वर्गाच्या दाराशी स्टुलावर बसून त्यानं ते ऐकलं होतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सर' यायचं. समोर बाई असली तरी यायचं. शिवाय त्याच्यात एक मोठा गुण होता. सांगितलेलं काम तो कधी विसरायचा नाही. कुठलं काम कुठं करायचं, तेवढं फक्त राहून जायचं.

सोमवारी केतकीनं कामावर जाताना त्याला ऑल्डरबरीच्या बसमध्ये बसवून दिलं. महिपती चौकात उतरला आणि 'तीन मेंढ्या' नावाच्या ठिकाणी गेला. खाली पब, वर भाड्याच्या खोल्या. मेंढ्या कुठं आहेत, हे त्यानं आधी विचारून घेतलं. मग जिन्यापाशी पाटी दिसली, 'डोकं सांभाळा'. वर जुनी तुळई फार खाली आली होती. महिपतीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तसाच जिना चढला, तसाच खोलीत उभा राहिला, तसाच खाली आला.

"डोकं दुखतंय का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाही सर. सांभाळतोय सर."

संध्याकाळी केतकीनं विचारलं, "कशी होती खोली?"

"होती."

"आणि पलंग?"

"पलंगपण होता."

"अहो मामा, नुसतं उभं राहून काय कळणार? आईची कंबर दुखते. पलंगावर आडवं होऊन बघायचं. नळ सोडून बघायचा. खिडकी उघडून बघायची."

"बरं," महिपती म्हणाला.

मंगळवारी तो मिस विगिन यांच्याकडे गेला. त्या स्वतःच्या घरातल्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. पहिलं दार उघडून त्या सांगायला लागल्या, की ही खोली भाड्याची नाही, इथं माझे वडील असतात. त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत महिपती पलंगावर आडवा झाला होता. शेजारी एक्क्याण्णव वर्षांचे वडील दुपारची झोप घेत होते. त्यांनी एक डोळा उघडला.

"थोडं सरका सर," महिपती म्हणाला. म्हातारा सरकला.

पलंग चांगला होता. मग महिपतीनं नळ सोडला, तोही चांगला होता. मग खिडकी उघडली. मिस विगिनची मांजर अकरा वर्षं घराबाहेर पडली नव्हती, ती त्या दिवशी पडली आणि चर्चच्या छपरावर जाऊन बसली. तिला उतरवायला अग्निशमनवाले आले. म्हातारा मात्र खूश होता, उद्या परत या म्हणाला.

"मामा," केतकी कपाळाला हात लावून म्हणाली, "कुणाच्या घरात गेल्या गेल्या असं करतात का? आधी बसायचं. घरात कोण कोण आहे, काय करतात, सगळी चौकशी करायची. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

"बरं," महिपती म्हणाला.

बुधवारी सकाळी अक्काचा फोन आला. "उद्या टॉमच्या घरी चहाला जायचंस. ध्यानात ठेव, लगेच हो म्हणायचं न्हाई. मुलीकडच्यांनी उतावीळ व्हायचं न्हाई. घरी विचारून कळवतो, म्हणायचं."

"बरं," महिपती म्हणाला आणि 'सोनेरी सिंह' नावाच्या दुसऱ्या पबात खोल्या बघायला गेला. तिथले मालक मिस्टर ग्रब, जाडजूड आणि एकटे. महिपती खुर्ची ओढून बसला.

"भाऊ किती सर?"

"तीन," ग्रब चकित होऊन म्हणाले.

"एकत्र राहता का वेगळे?"

"वेगळे."

"शेती?"

"मागच्या अंगणात टोमॅटो आहेत."

"दारू?"

"मी दारू विकतो."

"म्हणून तर विचारतोय सर."

ग्रब यांची इतकी आपुलकीनं चौकशी आजवर कुणी केली नव्हती. गुडघ्याचं दुखणं, धाकट्या भावानं धरलेला अबोला, सगळं त्यांनी सांगितलं. बोलता बोलता डोळे पुसले. मग त्यांनी सात खोल्या दाखवल्या. सातही स्वच्छ, सातही मोकळ्या. विचारून महिपतीनं पलंग बघितला, नळ बघितला. इतकी चांगली जागा त्यानं गावाकडेही पाहिली नव्हती.

"एक सहलीची बस खोल्या मागतेय," ग्रब म्हणाले. "पण तुम्ही हो म्हणालात तर मी तुम्हाला देतो."

महिपतीचं मन हो म्हणत होतं. पण सांगितलेलं तो विसरायचा नाही.

"घरी विचारून कळवतो सर," तो म्हणाला. आणि सहलीची बस आली, सातही खोल्या गेल्या.

केतकी संध्याकाळी मटकन खाली बसली. साखरपुड्याच्याच आठवड्यात लोकरीची जत्रा होती, गावात आता एक खोली उरली नव्हती. जागा नाही तर आई नाही आणि आई नाही तर साखरपुडा नाही. तिला रडूच आलं.

"मामा, इतकी चांगली जागा हाताशी होती! असं घर दिसलं की तोंडावर सांगायचं, घेतलं. चौदा माणसं, चार दिवस. दुसरं काही बोलायचंच नाही."

"बरं," महिपती म्हणाला. पोरीला रडवलं म्हणून त्यालाही फार वाईट वाटलं.

गुरुवारी सकाळी परत अक्काचा फोन आला. तिचाही आवाज मऊ झाला होता. "लेकरू रडत व्हतं रं. मुलगा चांगला दिसतोय. आज हो म्हणून ये."

"बरं," महिपती म्हणाला.

दुपारी तो केतकीबरोबर टॉमच्या घरी गेला. टॉमनं आईवडिलांना बजावून ठेवलं होतं, की त्यांच्या पद्धती वेगळ्या असतात, मामा करतील तसं करा आणि हसू नका. टॉमच्या आईनं, म्हणजे मिसेस पेनफोल्ड यांनी, काळजीपोटी तीन केक केले होते. वडील घड्याळं दुरुस्त करायचे आणि फारसं बोलायचे नाहीत.

महिपती बसला. घरात कोण कोण आहे, कोण काय करतं, सगळी चौकशी केली. चार दिवसांत पहिल्यांदा काम योग्य जागी झालं. केतकीचा जीव भांड्यात पडला.

मग मिसेस पेनफोल्ड घर दाखवायला त्याला वर घेऊन गेल्या, मागोमाग बाकीचेही गेले.

"आडवा होऊ का सर?" महिपतीनं विचारलं.

त्यांनी टॉमकडे पाहिलं. टॉमनं मान हलवली. महिपती पलंगावर आडवा झाला. मिस्टर पेनफोल्ड यांनी बूट काढले आणि तेही शेजारी आडवे झाले. दोघं बराच वेळ वरच्या तुळईकडे बघत राहिले. मग महिपतीनं एक नळ सोडला, पेनफोल्ड यांनी दुसरा सोडला. खिडक्याही दोघांनी मिळून उघडल्या.

"आवडलं का आमचं घर?" मिसेस पेनफोल्ड यांनी भीतभीत विचारलं.

"घेतलं सर," महिपती म्हणाला. "चौदा माणसं, चार दिवस."

बाईंना आनंदानं काय करावं कळेना. त्या लगेच पांघरुणं मोजायला गेल्या.

"मामा," केतकी कुजबुजली, "आई इथं पाणीसुद्धा पिणार नाही." तेवढ्यात तिचा फोन वाजला. अक्काच होती. महिपतीनं फोन घेतला.

"जागा मिळाली का रं?"

"मिळाली की. यांचंच घर घेतलं."

"महिपत, मुलीच्या सासरी मी पाणी पीत न्हाई, एवढं बी ध्यानात न्हाई तुझ्या?"

"हाय की. सांगितल्यालं मी कधी इसरलोय का?" महिपतीला जरा रागच आला. "म्हणून तर लग्नाला अजून हो म्हटलं न्हाई. हो म्हटलं की सासर झालं. आत्ता ही नुसती माणसं हायेत. तू ये, चार दिवस पाणी पी, च्या पी, पोटभर जेव."

"आन् साखरपुडा?"

"पाचव्या दिवशी. तुम्ही चौदा जणं इमानात बसला आन् इमान उडालं, की लगीच."

 केतकी जिन्याच्या पायरीवर बसली. मग फोनमधून लांबून अक्काचा आवाज आला, "अगं, कुणीतरी पाणी आणा गं."

महिपतीनं फोनवर हात ठेवला आणि पांघरुणं घेऊन आलेल्या मिसेस पेनफोल्ड यांना समाधानानं सांगितलं, "प्यायला लागली सर."