डब्याच्या जागी सिदू

एका गावात एक भोळा गडी होता, नाव सिदू. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा, पण अगदी तस्संच करायचा. सगळी पंचाईत तिथंच होती.

तो भूपालशेठच्या शीतगृहात कामाला होता. आठ खोल्या, आठही बेदाण्यानं भरलेल्या. प्रत्येक खोलीत थंडी मोजणारं यंत्र, आणि आठांना मिळून एकच वायर. ऑफिसातला कंट्रोलचा डबा त्या वायरीवरून एकेका यंत्राला नंबरानं विचारायचा, ‘काही सांगायचंय का?’ ज्याला विचारलं त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. दुरुस्तीवाला याला पोलिंग म्हणायचा.

एके दिवशी डबा जळाला. नवा यायला चार दिवस. त्यात तिसऱ्या दिवशी मिरजेचे कुलभूषणशेठ माल बघायला येणार. माल गरम झाला तर सौदा गेलाच म्हणायचा.

शेठ म्हणाले, “सिदू, चार दिवस तूच डबा. एकेकाला विचारत फिर.”

“व्हय मालक.”

तासाभरानं सिदू परत आला. “विचारलं मालक. कुणालाच काय सांगायचं नाही.”

“कुणाला विचारलंस?”

“दारांना.”

शेठनी कपाळावर हात मारला. “अरे, काट्यावरचा आकडा बघ! दहाच्या वर गेला की येऊन सांग. पण मी कामात असलो तर मधेच सुरू होऊ नकोस. आधी ‘तयार?’ विचार. मी ‘तयार’ म्हटलं की सांग. मी ‘मिळालं’ म्हटलं की जा. तोवर हलायचं नाही.”

दुरुस्तीवाला याला हँडशेक म्हणायचा. हात मात्र कुणीच मिळवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरचा काटा अकरावर. सिदू धावत आला. “मालक, तयार?”

शेठ फोनवर. सिदू थांबला. शेठ जेवायला बसले. जेवताना ते मौन पाळत. सिदू ताटासमोर उभा. शेठ आडवे झाले. सिदू पायथ्याशी उभा. दुपारी शेठनी डोळे उघडले.

“तयार, बाबा, तयार! बोल!”

“सहा नंबर अकरा. सकाळधरनं.”

शेठ अनवाणी पळाले. सहा नंबरचं दार उघडं! ते लाव असं सिदूला कुणी सांगितलं नव्हतं. माल थोडक्यात वाचला.

धापा टाकत शेठ ओरडले, “जन्मभर वाट बघशील का रे? डबा काय करायचा? तीनदा विचारायचा! उत्तर आलं नाही की तो बंद पडला असं धरायचा, यादीतून नाव खोडायचा आणि पुढं जायचा!”

“मिळालं मालक.”

तिसऱ्या दिवशी कुलभूषणशेठ आले. तोंडात पानाचा हा एवढा तोबरा. भूपालशेठ आत माल मांडत होते. आतूनच म्हणाले, “सिदू, पाहुण्यांना चहा विचार.”

“पाहुणं, चहा?”

पाहुण्यांनी नुसती मान हलवली.

“चहा? ... चहा?”

तीन झाले. सिदूनं कानावरची पेन्सिल काढली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वहीतलं पाहुण्यांचं नाव खोडलं आणि चहा ड्रायव्हरला दिला. पाहुणे माल बघायला आत गेले. एवढ्यात फोन वाजला. सिदूनं उचलला. कुलभूषणशेठच्या घरून, त्यांची बायको, काकी.

“आमचे शेठ पोचले का हो?”

“काकी, तयार?”

“कशाला?”

“तयार म्हणा, त्याबिगर सांगता येत नाही.”

“बरं बाई, तयार.”

“तीनदा विचारलं. उत्तर नाही. बंद पडले. नाव खोडलं.”

पलीकडे हंबरडा फुटला.

सिदू शांतपणे म्हणाला, “काकी, रडा मागनं. आधी ‘मिळालं’ म्हणा. मला फोन ठेवता येईना.”

तासाभरानं आठ नंबरच्या खोलीत कुलभूषणशेठनी बेदाणा चाखला, डोळे मिटले. “फक्कड माल, भूपालशेठ! आता सौदा...”

तोच बाहेर दोन जीपा थांबल्या. एकीच्या टपावर बांबू बांधलेले. सगळी भावकी एकदम रडत, ओरडत, विचारत आत घुसली.

सिदू क्रेटवर चढला. “गप! ज्याला विचारीन त्यानंच बोलायचं! एक नंबर, काही सांगायचंय का?”

कुलभूषणशेठ लालबुंद होऊन बाहेर आले. “भूपालशेठ, हा सौदा...”

सिदूनं हात जोडले. “पाहुणं, तुम्ही मधी बोलू नका. तुमचं नाव यादीत नाही.”