तीन विती कंबर

बोरगडच्या भुजंगराजांची कंबर तीन विती होती, आणि ती सात विती भरते असं जो म्हणेल त्याला कोठडी होती.

तीन विती हे माप खोटं नव्हतं. राज्याभिषेकाच्या दिवशी ते खरंच घेतलं होतं. राजे तेव्हा अकरा वर्षांचे होते. पुढं राजे वाढले, माप वाढवायची छाती मात्र कुणाला झाली नाही. सिंहासन अपुरं पडू लागलं तेव्हा लाकूड आकसलं म्हणून नवं करून घेतलं. शेला पुरेना तेव्हा तो धोब्यानं आटवला असं ठरलं.

अशात एका फिरंगी वकिलानं राजांना तसबीर नजर केली. तीत त्याच्या मुलखातली राणी उभी होती. वर अंगाला घट्ट बसलेली, कमरेशी चिमटलेली जाळीची चोळी आणि खाली हा एवढा घेर. ती राणी आहे हे राजांना कुणी सांगितलंच नाही. त्यांना ते एखाद्या शूर सरदाराचं चिलखत वाटलं. दसऱ्याच्या दरबारात आपणही असंच घालणार, ते अंगाला चिकटून बसलं पाहिजे, शिवण दिसता कामा नये आणि कंबर तीन विती भरली पाहिजे, असा हुकूम सुटला. राजांच्या अंगाला माप लावायला अर्थातच मनाई होती.

काम तुळाजी शिंप्याकडे आलं. त्यानं इमानानं तीन वितींचं शिवलं. ते राजांच्या दंडावर चढलं आणि तिथंच अडकलं. तुळाजी कोठडीत गेला. दुसऱ्या शिंप्यानं शहाणपणा करून सात वितींचं शिवलं. ते अंगात छान बसलं, पण मोजल्यावर सात भरलं. तोही त्याच कोठडीत गेला. तिथं दोघं, चूक कुणाची मोठी, यावरून दिवसभर भांडत बसले.

तुळाजीची मुलगी गोजरा राजांच्या पागेत कामाला होती. घोड्यांच्या कानांत माश्या जाऊ नयेत म्हणून ती क्रोशाच्या सुईनं सुती टोपडी विणायची. बापाला भाकरी द्यायला गेली तेव्हा तो खोकत होता, आणि कोठडीची भिंत ओली होती. ती तशीच दिवाण आबाजीपंतांकडे गेली. विणकामाला शिवण नसते, आठ दिवस द्या, असं तिनं सांगितलं. पंतांकडे तिसरा शिंपी उरलाच नव्हता. ते हो म्हणाले. नीट सरकून बसलं तर कोठडीत तिसऱ्याला जागा आहे, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

गोजरानं लांबच्या खांबाआड उभं राहून, एक डोळा मिटून, हातातली सुई समोर धरून राजांचा अंदाज घेतला. मग ती कुंभारवाड्यात गेली. अकरा रांजण नापसंत केल्यावर बारावा तिला पटला. तो गाडीत घालून तिनं पागेत आणला आणि त्याच्यावरच विणायला घेतलं. आधी कमरेची साखळी. छातीकडे जाताना टाके वाढवत नेले, खाली घेरासाठी एका टाक्यात दोन-दोन खांब, म्हणजे लांब उभे टाके, घातले. ताठपणा यावा म्हणून विणीत वेताच्या काड्या ओवल्या. सूत तिनं आधीच कुसुंबी रंगवून घेतलं होतं.

पण तीन विती भरल्या तेव्हा रांजणाची फक्त पुढची बाजू झाकली होती. मागं चार विती माती उघडीच. तिनं तीनदा उसवलं. चौथ्यांदा तिच्यानं ती उघडी माती बघवेना, म्हणून तिनं रांजण फिरवून ती बाजू भिंतीकडे केली आणि थबकली. पुढून तर काही कमी नव्हतं. मग तिनं दोन्ही कडांना ओळीनं भोकं विणली आणि एक लांबलचक रेशमी दोरी वळली.

त्या संध्याकाळी आबाजीपंत काम बघायला आले, आणि दारातूनच त्यांनी रांजणाला मुजरा केला.

दसऱ्याला भर दरबारात पंतांनी स्वतःच्या हातानं कंबर मोजली. बरोब्बर तीन विती. पडद्याआड राजांनी ते अंगात घातलं. गोजरानं खांबाला पाय लावून दोरी ओढली. अंगाला हात लावायची गरजच पडली नाही. राजे बाहेर आले. कंबर चिमटलेली, छाती पुढं, घेर जमिनीवर लोळतोय. दरबारानं मनापासून वाहवा केली. फिरंगी वकील छताकडे बघत राहिला.

मग राजे सिंहासनाकडे वळले. पाठीमागं चार विती फट, तिच्यावर आडवीतिडवी दोरी, आणि दोरीच्या चौकटीचौकटीतून राजे बाहेर आलेले. राजांना मागून वारा लागला. त्यांनी हात मागं नेऊन चाचपलं.

"गोजरा, कंबर तीन विती आहे ना?"

"तीनच आहे, महाराज. दिवाणजींनी सगळ्यांसमोर मोजली."

"मग हे मागं उरलंय ते काय?"

गोजराची जीभ मात्र ठिकाणावर होती.

"ती पाठ आहे, महाराज."

"एवढी?"

"हुकमात कमरेचं माप होतं. पाठीचं कुणी दिलंच नव्हतं. आणि राजाची पाठ केवढी असावी हे मी पागेतल्या बाईनं कसं ठरवावं? म्हणून दोरी ठेवली. पाठ भरेल तशी सैल सोडायची. कंबर मात्र तीन वितींच्या वर सूतभर जाणार नाही."

राजांनी आरसा मागवून पुढून पाहिलं. मग मागून पाहिलं. मग ते हसायला लागले, आणि असे हसले की एकेक वेताची काडी कडाकडा मोडली. दोरीनं मात्र सगळं धरून ठेवलं.

"खरंच आहे," डोळे पुसत राजे म्हणाले. "आमच्या घराण्यात पाठ पहिल्यापासूनच भरदार."

दोन्ही शिंपी तिथल्या तिथं सुटले. गोजराला दहा बिघे कापसाचं रान मिळालं. आणि सीमोल्लंघनाला निघताना भुजंगराजे हत्तीवर उलटे बसले, पुढं उभ्या राहिलेल्या रयतेला पाठ नीट दिसावी म्हणून.