पाण्याचा कागद

"डाग कधी खोटं बोलतो का, सर?"

निशिकांतनं असं विचारलं खरं, पण त्याला उत्तर नको होतं. शाबासकी हवी होती.

हळबेसर खिडकीपाशी चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाले, "दाखव."

निशिकांत ओतारी आमच्या प्रयोगशाळेत नवा. खाण्याच्या जिनसांतली भेसळ तपासणं हे आमचं काम, आणि आम्हा सगळ्यांना ते हळबेसरांनीच शिकवलं. निशिकांत हुशार होता. ते त्यालाही ठाऊक होतं, एवढीच काय ती पंचाईत.

बाहेर बाकावर जैतूनबी अत्तार बसली होती. पादेलोण नि सैंधव कुटून विकायचं, हा तिच्या घराण्याचा धंदा. गावातल्या वसतिगृहांच्या स्वयंपाकाला तिचंच मीठ जायचं. कुणीतरी तक्रार केली, की या बाईच्या मिठानं आमटीला जरा जास्तच चव येते, तेव्हा त्यात नक्की अजिनोमोटो असणार.

आमटीला चव आली म्हणून तक्रार करणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला. पण तक्रार ती तक्रार. अहवाल वाईट गेला असता तर वसतिगृहांचं मीठ बंद झालं असतं. मग बाजारात तिच्या दुकानाची पायरी कोण चढणार होतं?

तिला कुणी बोलावलं नव्हतं. आपणहून आली होती, आणि अहवाल घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवूनच आली होती.

आमची परीक्षा दिसायला अगदी साधी. एका जाड टीपकागदावर खाली पेन्सिलीनं रेघ मारायची. रेघेवर थेंब द्यायचे, एक ओळखीच्या द्रव्याचा आणि एक नमुन्याचा. मग कागदाची खालची कड द्रवात बुडवून पेटीत उभा करायचा. द्रव कागदातून वर चढतो आणि थेंबात जे असेल त्याला सोबत नेतो. कुणी चार बोटं चढतं, कुणी दोन बोटांतच दमतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही. निनहायड्रिन नावाचं रसायन फवारून कागद गरम केला, की जांभळे डाग उमटतात.

निशिकांतनं आदल्या दिवशी केलेल्या कागदावर दोन डाग होते. डावीकडे खऱ्या अजिनोमोटोचा, उजवीकडे जैतूनबीच्या मिठाचा. दोन्ही जवळजवळ एका उंचीवर.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला.

सरांनी कागद उजेडात धरला. चिमट्यानं धरला. पेटीशेजारी सुतळीला एक चिमटा कायम टांगलेला असतो. कागदाला बोट लावायचं नाही, हा सरांचा दंडक. आम्ही त्याला सरांचं सोवळं म्हणतो. निशिकांत पहिल्याच दिवशी त्यावर हसला होता. आपण हात स्वच्छ धुतो, असं त्यानं सांगितलं होतं. सर तेव्हा काही बोलले नव्हते.

"उजवा डाग फिका आहे," सर म्हणाले.

निशिकांतकडे त्याचंही उत्तर तयार होतं. लबाड माणूस भेसळ बेतानंच करतो, म्हणून डाग फिका.

...

सरांनी विचारलं, की नुसत्या पाण्याचा थेंब कुठं आहे?

निशिकांतला हसू आलं. पाण्यात काय शोधायचं? पाणी ते पाणी. कागदावर डाग पसरू नये म्हणून त्यानं नमुन्यातलं मीठ नीट वेगळं काढलं होतं, मापं चोख घेतली होती, आणि पहिल्या अहवालावर सही करायला पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

तेवढ्यात जैतूनबी दारात आली. तिनं आतलं किती ऐकलं कोण जाणे. ती सरांकडे बघून म्हणाली, "साहेब, माझ्या मिठात मिठाशिवाय दुसरं काही निघालं, तर दुकानाला मीच कुलूप घालते. पण नीट बघा."

"सगळे असंच म्हणतात," निशिकांत पुटपुटला.

मला त्याचा राग आला. आत्तापर्यंत त्याचा तोरा मला गमतीचा वाटत होता. आता वाटेना.

सर मात्र उठले. जैतूनबीला त्यांनी खुर्ची दिली, माझ्याकडून तिच्यासाठी चहा मागवला, आणि निशिकांतला म्हणाले, "एक कागद कर. पाण्याचा."

"नुसत्या पाण्याचा?"

"नुसत्या पाण्याचा. जसा कालचा केलास, तस्साच कर."

निशिकांतनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. म्हाताऱ्याची हौस, असं त्याला म्हणायचं होतं. पण गुरूचा शब्द मोडण्याइतका तो काही उद्धट नव्हता. त्यानं कागद कापला. खालची कड बोटांच्या चिमटीत धरून रेघ मारली. रेघेवर शुद्ध पाण्याचा थेंब दिला, तो वाळेपर्यंत कागद बोटांत धरून फुंकर घातली, आणि पेटीत उभा केला.

सर बघत होते.

मग वाट बघणं आलं. कागदावरून द्रव चढायला वेळ लागतो, आणि त्याला घाई करता येत नाही. जैतूनबीनं आपल्या पिशवीतली भाकरी काढली, आम्हा दोघींच्यात अर्धी अर्धी केली. वर तिनंच कुटलेलं मीठ भुरभुरलं. चव होती खरी. तक्रार करणाऱ्याचं मला क्षणभर पटलंसुद्धा, आणि मग माझीच मला लाज वाटली.

जैतूनबी परत बाहेर बाकावर जाऊन बसली. उन्हं कलल्यावर निशिकांतनं कागद बाहेर काढला, वाळवला, फवारला. हीटरसमोर धरला.

आधी काही नाही. तो सरांकडे वळून काहीतरी बोलणार होता...

कागद जांभळा व्हायला लागला.

खालच्या कडेला त्याच्या बोटांचे ठसे उमटले, ओढल्यासारखे लांबट. आणि त्यांच्या वर, पाण्याच्या थेंबाच्या रांगेत, एक फिका डाग. सरांनी कालचा कागद त्याच्या शेजारी धरला. जैतूनबीच्या मिठाचा डाग आणि पाण्याचा डाग एकाच उंचीवर होते.



माणसाच्या घामातही अजिनोमोटोच्याच कुळातली द्रव्यं असतात. हात कितीही धुवा, बोटांना घाम येतोच. यातली काही कागदावर चढताना अजिनोमोटोच्या अगदी जवळ जाऊन थांबतात. हे निशिकांतला पाठ होतं. परीक्षेत त्यानं हे लिहूनही दाखवलं असणार.

तो किती वेळ आपल्या बोटांकडेच बघत राहिला.

मग एकदम उठला. चेहरा उतरला होता, डोळे भरले होते. म्हणाला, मी बाहेर जाऊन त्या बाईची माफी मागतो, तुमचं मीठ शुद्ध आहे असं सांगतो, अहवाल आत्ता लिहून देतो. तो दारापर्यंत पोचलासुद्धा.

"थांब," सर म्हणाले. "तिचा कागद अजून झालाय कुठं? आत्तापर्यंत तुझेच दोन झाले."

सरांनी सुतळीचा चिमटा सोडवला आणि त्याच्यापुढं धरला.

जैतूनबीला त्या दिवशी रिकाम्या हातानं परत जावं लागलं. निशिकांत तिला फाटकापर्यंत पोचवायला गेला. काय बोलला ते मला माहीत नाही. परतला तेव्हा मान खाली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा कागद केला. एकदाही बोट लावलं नाही. श्वाससुद्धा तोंड फिरवून घेत होता, तेवढं काही लागत नाही, पण मी त्याला टोकलं नाही. कागदावर त्यानं तीन थेंब दिले: अजिनोमोटो, जैतूनबीचं मीठ, पाणी.

त्यानं कागद चिमट्यानंच हीटरसमोर धरला. बाहेर बाकावर जैतूनबी पुन्हा येऊन बसलेली होती.

अजिनोमोटोचा डाग उमटला, गडद जांभळा. पाण्याची जागा कोरी राहिली. मिठाची जागाही कोरीच होती. आम्ही बराच वेळ थांबून पाहिलं, पण कोरी ती कोरीच राहिली.

निशिकांतनं अहवाल लिहिला. नमुन्यात अजिनोमोटो आढळलं नाही, एवढंच. सही केली, बाहेर जाऊन तो दोन्ही हातांनी जैतूनबीला दिला. तिनं कागद कपाळाला लावला आणि पिशवीतून मिठाची पुडी काढून त्याच्यापुढं धरली. त्यानं ती घेतली नाही. नमुना दिलेल्या माणसाकडून काही घ्यायचं नसतं, हे मात्र त्याच्या लक्षात होतं; काल भाकरी खाताना मीच ते विसरले होते. तिला ते पटलं असावं. ती हसून गेली.

तो आत आला तेव्हा सर पुन्हा खिडकीपाशी चहा घेत होते.

त्यानं चिमटा पुन्हा सुतळीला टांगला. मग हळू आवाजात म्हणाला, "सर... ती खरं बोलतेय, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"नाही रे," सर म्हणाले. "ती मला कुठं ठाऊक? मला तू ठाऊक होतास."