मागच्या बोळातलं आसन

"आता तरी अनुग्रह देणार ना, माई?"

माई अजून आसनावर टेकल्याही नव्हत्या, तोच कुमुदनं विचारलं.

अकोल्याचा वैशाख. देवघरात मात्र गारवा. समईची ज्योत जागची हलत नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात याच खोलीत कूलर होता. पत्रा थडथडायचा, मोटर घरघरायची. कुमुद तेव्हा अगदी रडकुंडीला आली होती. "जपाला बसलं की याचीच घरघर कानात, माई. नामात मन लागतच नाही."

"मग आधी तो आवाज मिटव," माई म्हणाल्या होत्या. "मंत्र पुढच्या खेपेला."

कुमुदनं वर्षभर वाट पाहिली. कूलर गेला, एसी आला. खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लागल्या.

"ऐका ना, माई. मण्यावर मणी टेकला तरी ऐकू येतं." तिनं माळ हलवून दाखवली.

माईंनी ऐकलं.

"छान. आणि तो आवाज कुठं गेला?"

"मिटला की."

"कुठं गेला?"

कुमुदनं मागच्या भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे... मशीन बाहेर असतं ना याचं. मागच्या बोळात."

माईंनी आसन उचललं. गुंडाळून काखेत घेतलं.

"अहो, तिकडं कुठं? पूजा मांडलीय इथं! बोळात झाडलेलंसुद्धा नाही, माई."

"असू दे. धुळीची सवय आहे मला."

बोळ अरुंद. कुमुदच्या भिंतीवर मशीन धडधडत होतं. त्याचा गरम झोत थेट समोरच्या घराच्या खिडकीवर. खिडकी बंद, वर गोणपाट ठोकलेलं.

माईंनी मशीनखाली आसन अंथरलं. बसल्या.

गोणपाट हललं. खिडकी किलकिली झाली. शेजारच्या गिरजाबाई.

"कोन हाय? ... अगं माय, माई तुम्ही! इथं काहून बसल्या?"

"खिडकी बंद का ठेवता, बाई?"

"काय म्हन्ता? जोरानं बोला. ऐकू येऊन नाही राहिलं."

"खिडकी! बंद का?"

"हं, खिडकी होय? आग येते ना त्यातून." गिरजाबाई हसल्या. "आन् आवाज. दिवाबत्तीला नाम घेते मी, पन माहं मलेच ऐकू येत नाही. नुसती तोंड हालवते. त्या देवाले येत असन ऐकू."

कुमुद पुढे झाली. "गिरजाबाई, मला कधी बोलला नाहीत ते!"

"आली होती ना मी, ताई, सांगाले. लय दार वाजवलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "तुमच्या घरात ऐकू येत नाही."

"ये," माई कुमुदला म्हणाल्या. "बस. कान इकडे कर."

"इथं?"

"अनुग्रह हवाय ना?"

कुमुद बसली. डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. माई तिच्या कानाशी वाकल्या. त्यांचा श्वास तिला जाणवला. ओठ हलले तेही कळलं.

वर मशीन धडधडत होतं.

माई सरळ बसल्या. डोळे मिटले.

"माई, मला ऐकू आलं नाही."

माईंनी डोळे उघडले नाहीत.

वर्षभर ज्याची वाट पाहिली, ते कानापर्यंत येऊन गेलं होतं. कुमुद तशीच बसून राहिली. गरम झोतानं समोरचं गोणपाट फडफडत होतं. तिनं आज पहिल्यांदाच ते नीट पाहिलं. त्याचे खिळे गंजले होते.

ती उठली. आत गेली.

मशीन एकदा हुंदका दिल्यासारखं थरथरलं आणि थांबलं.

बोळ एकदम मोठा वाटू लागला. कुठं तरी भांडं घासल्याचा आवाज. चिमण्या. समोर खिडकीचं दार करकरलं, पूर्ण उघडलं. आत देवापाशी दिवा लागलेला. गिरजाबाईंनी नाम सुरू केलं. पहिलं थोडं चाचरत, आपलाच आवाज ओळखीचा आहे का ते पाहत असल्यासारखं. मग सावकाश, मोकळं.

कुमुद परत आली. कपाळावर घाम होता. ती माईंच्या समोर बसली, पदर सावरला, कान पुढे केला.

"माई, आता एकदा पुन्हा सांगा ना."

माईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"श्श... सांगताहेत ना त्या."